बाई, निळा दिवा लावू का?

नमस्कार बाई,

मी घोडबंदर रोडला, पातलीपाड्याजवळ राहते. घरात आम्ही दोघं, चौथीतला मुलगा आणि सासरे. सासऱ्यांचं वय 74. त्यांना सीओपीडी आहे, घरात आम्ही जुना दमाच म्हणतो. गेल्या पावसाळ्यात मुलाची सर्दी त्यांना लागली आणि चार दिवस अ‍ॅडमिट करावं लागलं. तेव्हापासून मिस्टरांनी धसकाच घेतलाय. आधी त्यांनी ऑनलाइन एक यूव्हीची कांडी मागवली. मोबाईल, भाजी, दुधाच्या पिशव्या, मुलाचं दप्तर आणि कधीकधी त्याचे हातसुद्धा, सगळ्यावरून ती फिरवतात. महिन्याभरापूर्वी एक मोठी ट्यूब आणली, स्टँडवर उभी राहणारी. दुकानदार म्हणाला, हॉस्पिटलात हीच वापरतात. सासऱ्यांच्या खोलीत रोज अर्धा तास लावतो. तेवढा वेळ बाहेर बसायचं असतं, पण मागच्या मंगळवारी ते पेपर वाचत तिथेच बसून राहिले. रात्री बाराला उठले, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणाले. डोळे लालबुंद, पाणी थांबेना. दोन दिवसांनी आपोआप बरं झालं. आम्हाला वाटलं, डोळे आले. ट्यूब लावली की खोलीत एक वासही येतो आणि त्यांना खोकला लागतो. मिस्टर म्हणतात, जंतू मेल्याचा वास आहे तो.

आता सोसायटीच्या कमिटीनेही दोन्ही लिफ्टमध्ये आणि ज्येष्ठांच्या खोलीत असे दिवे बसवायचं कोटेशन मागवलंय. रविवारी मीटिंग आहे. हे खरंच चालतं का? खिडक्या उघडाव्यात तर रस्त्याची धूळ आत येते. मी काय बोलू? (मला तू म्हटलंत तरी चालेल.)

— एक सून, घोडबंदर रोड

*

अगं, आधी उठ आणि त्या ट्यूबचा प्लग काढ. बाकीचं मग निवांत वाच.

तुझ्या सासऱ्यांचे डोळे आले नव्हते. डोळे आले की चिकट घाण येते, सकाळी पापण्या चिकटतात आणि दोन दिवसांत घरातल्या आणखी कुणाला तरी प्रसाद मिळतो. इथे तसं काहीच नाही. संध्याकाळी दिव्यासमोर बसले, मध्ये काही तास ठणठणीत होते, मध्यरात्री वाळू टोचायला लागली आणि दोन दिवसांत सगळं शांत. वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या गाळ्यात जा आणि काच न लावता वेल्डिंग केलेल्या पोराला विचार, तो हीच गोष्ट हुबेहूब सांगेल. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याचा वरचा थर अतिनील किरणांनी, म्हणजे यूव्हीने, भाजतो. भाजताना काही कळत नाही, सहा ते बारा तासांनी कळतं. बहुतेक वेळा एकदोन दिवसांत तो थर भरून येतो, पण या वयात ‘बहुतेक वेळा’वर थांबू नकोस. मी लॅबमधली बाई आहे, डॉक्टर नाही. त्यांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने आणि ‘डोळे आले होते’ असं न सांगता ‘यूव्ही ट्यूबसमोर बसले होते’ असं सांग. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांग.

हे मला इतकं खात्रीने का सांगता येतं? मी स्वतः भाजून घेतलंय. ठाण्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये माझी तीस वर्षं गेली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे जंतू वाढवायच्या कामासाठी एक काचेची छोटी खोली होती. आत दोन ट्यूब होत्या, एक साधी आणि एक यूव्हीची, आणि दोन्हींची बटणं बाहेर शेजारीशेजारी. काम सुरू करण्याआधी अर्धा तास यूव्ही लावायची, मग बंद करून आत जायचं. त्या दिवशी घाईत मी साधी ट्यूब लावली आणि यूव्ही बंद करायचं विसरले. वीस-पंचवीस मिनिटं मान खाली घालून काम केलं. संध्याकाळी नौपाड्यात भाजी घेतली, घरी येऊन स्वयंपाक केला, काही नाही. रात्री एकला मात्र असं वाटलं की कुणीतरी डोळ्यांत तिखट टाकून वर वाळू चोळतंय. आई थंड पाण्याच्या घड्या ठेवत बसली. दुसऱ्या दिवशी कपाळ आणि मानेमागची कातडी लाल, आठवड्याने सालं निघाली. त्यानंतर त्या बटणावर मी लाल रंग लावला आणि रिटायर होईपर्यंत प्रत्येक नव्या मुलीला आधी ते बटण दाखवलं, मग लॅब.

हा प्रकाश काय करतो ते थोडक्यात सांगते, म्हणजे रविवारी कुणी मोठमोठे शब्द फेकले तर गडबडणार नाहीस. अतिनील किरणांचे तीन भाऊ आहेत, ए, बी आणि सी. ए आणि बी उन्हातून आपल्यापर्यंत येतात. सी, म्हणजे साधारण 100 ते 280 नॅनोमीटर तरंगलांबीचा, वर ओझोनच्या थरातच अडतो, जमिनीवर पोचत नाही. जंतू मारायला वापरतात तो हा सी. पाऱ्याच्या ट्यूबमधून तो 254 नॅनोमीटरला निघतो आणि जनुकांचा मजकूर ज्या रेणूंत लिहिलेला असतो ते रेणू नेमका याच टापूतला प्रकाश भराभर शोषतात. मग शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. पावसात भिजलेल्या वहीची पानं चिकटतात ना, तसंच. वही जागेवरच असते, पण तिची झेरॉक्स काढता येत नाही. विषाणूचं सगळं जगणंच झेरॉक्सवर. ती थांबली की तो निरुपयोगी.

तर हो, यूव्ही चालतो, अगदी ठाम चालतो. पण आपली अक्षरंही त्याच शाईने लिहिलेली आहेत, हे दुकानदार सांगत नाही.

आकडेच घे. एक चौरस सेंटिमीटर जागेवर किती प्रकाश पडला ते मिलिज्यूलमध्ये मोजतात. प्रयोगशाळेत, सपाट आणि उघड्या ठिकाणी ठेवलेल्या करोनाच्या विषाणूचे हजारातले 999 निकामी करायला चारेक मिलिज्यूल पुरतात. पिण्याच्या पाण्यासाठी 40 मिलिज्यूलचा दंडक धरतात, कारण तिथे बरेच चिवट जंतूही असतात. आणि माणसाच्या उघड्या डोळ्याला व कातडीला, आठ तासांच्या अख्ख्या दिवसात मिळून, या प्रकाशाची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे 6 मिलिज्यूल. आता तूच बघ. खोलीतल्या कानाकोपऱ्यातले जंतू मरतील इतका जोरकस दिवा असेल, तर त्याच्यासमोर बसलेला माणूस काही मिनिटांत दिवसाचा कोटा संपवतो. आणि कांडी जर खरोखर निरुपद्रवी असेल, मुलाच्या हातावर फिरवूनही काही होत नसेल, तर ती विषाणूलाही काही करत नाही.

तुमच्या कांडीवर किंवा डब्यावर नॅनोमीटरचा आकडा छापलाय का बघ. स्वस्तातल्या कांड्यांवर बरेचदा 395 किंवा 405 असतं. म्हणजे तो जांभळा दिवा झाला, बँकेत नोटा तपासायला असतो तसा. मिठाईच्या दुकानात माशांसाठी लावलेला निळा दिवाही त्याच जातीचा. जांभळं दिसतं म्हणून माणसाला वाटतं, काहीतरी होतंय. खरं तर यूव्ही-सी डोळ्याला दिसतच नाही, ट्यूबमधून दिसते ती पाऱ्याची फिकट निळी झाक. आणि कांडीवर 254 किंवा 275 असेल तर आणखी वाईट. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, 2022 मध्ये अशा काही कांड्यांबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला होता, कारण काही सेकंदांतच कातडी आणि डोळे भाजतील इतका मारा त्यांतून होत होता. जागतिक आरोग्य संघटनेने तर 2020 मध्येच सांगितलं होतं की हात किंवा कातडी निर्जंतुक करायला यूव्ही दिवा वापरू नका. मुलाच्या हातांना साबण लाव. करोना काय किंवा फ्लू काय, त्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. वीस सेकंद चोळायचं, नखांच्या बाजूंनीही.

भाजीचं म्हणशील तर कोथिंबिरीच्या जुडीवर कांडी फिरवणं म्हणजे एका खिडकीतून टॉर्च मारून अख्ख्या चाळीत उजेड पडला म्हणण्यासारखं आहे. हा प्रकाश सरळ जातो, वळत नाही. पानामागे सावली, सावलीत जंतू सुखात. धूळ, ओलावा, प्लास्टिकच्या पिशवीची घडी, काहीही त्याला अडवतं. जांभळी नाक्यावरून आणलेली भाजी नळाखाली नीट धुतली की पुरे. दुधाची पिशवीही धुऊन फ्रिजमध्ये ठेव.

आता तो वास. जंतू मेल्यावर वास येत नाही गं. झेरॉक्सच्या दुकानात मशीन तापलं की एक तिखटसर वास येतो, तसाच आहे का? मग तो ओझोन. काही ट्यूबांतून 254 बरोबर 185 नॅनोमीटरचाही प्रकाश बाहेर पडतो आणि तो हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन करतो. ओझोन वर आकाशात आपला रक्षक, पण खोलीत श्वासनलिकेला जाळणारा वायू. धडधाकट माणसालाही त्याने घसा धरतो. ज्या माणसाच्या फुप्फुसांसाठी हा सगळा खटाटोप, त्याच माणसाला तुम्ही रोज ओझोनने भरलेल्या खोलीत झोपायला पाठवताय. मला तुझ्या पत्रात डोळ्यांपेक्षाही याचीच जास्त काळजी वाटली. ट्यूब बंद झाल्यावर खोकला कमी होतो का, ते आठ दिवस बघ आणि छातीच्या डॉक्टरांना सांग.

दुकानदार हॉस्पिटलचं बोलला ते खोटं नाही, अर्धं आहे. हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर रिकामं करून, दार लावून, बाहेर पाटी लावून ट्यूब चालवतात. दाराला साधी काच असेल तरी हा प्रकाश बाहेर येत नाही, कारण साधी काच यूव्ही-सी अडवते. म्हणूनच ट्यूब क्वार्ट्झची किंवा खास काचेची करावी लागते. आणि तिथेही आधी फरशी पुसतात, मग ट्यूब लावतात. पुसण्याची जागा ट्यूब घेत नाही.

जिथे यूव्ही मनापासून पटतो ती जागा तुझ्या ओट्याशेजारी भिंतीवर टांगलेली असेल, वॉटर प्युरिफायर. तिथे दिवा स्टीलच्या बंद नळकांड्यात असतो, पाणी त्याच्या अगदी जवळून पातळ थरात वाहतं, सावली नाही, कुणाचा डोळा मध्ये येत नाही. फ्रान्समध्ये मार्सेलला 1910 च्या सुमारास शहराच्या पाण्यावर हा प्रयोग झाला होता, इतकी जुनी युक्ती आहे. मात्र ती ट्यूब साधारण आठ-नऊ हजार तासांनी म्हातारी होते. निळी दिसत राहते, पण यूव्ही कमी झालेला असतो. आणि पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की प्रकाश पाण्यातून आरपार जात नाही. सर्व्हिसवाला फिल्टर आणि ट्यूब बदला म्हणतो तेव्हा दरवेळी तो लुबाडतच असतो असं नाही. (माझी बहीण नेरूळला असते, तिच्याकडे मोरबे धरणाचं पाणी. तिला शेजाऱ्यांनी हौसेने आरओ घ्यायला लावला. धरणाच्या गोड्या पाण्याला आरओ कशाला? पण तो वेगळा विषय, त्यावर आमची दोन दिवाळ्या भांडणं झाली आहेत.)

आता सोसायटी. इथे जरा सावकाश सांगते, कारण ‘यूव्ही म्हणजे थोतांड’ असं मीटिंगमध्ये बोललीस तर खोटी पडशील. हवेतले जंतू मारायला हा प्रकाश वापरण्याला भक्कम इतिहास आहे. विल्यम वेल्स नावाच्या शास्त्रज्ञाने 1937 ते 1941 या काळात अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या शाळांत वर्गाच्या वरच्या भागात असे दिवे लावले. गोवराची साथ आली तेव्हा त्या वर्गांत बाकीच्यांपेक्षा कमी मुलं आजारी पडली. पुढे त्याचा विद्यार्थी रिचर्ड रायली याने बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात क्षयरोग्यांच्या वॉर्डातली हवा पाइपने गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे नेली. एका पिंजऱ्याकडे हवा तशीच सोडली, दुसऱ्याकडे यूव्हीखालून. पहिल्यातल्या प्राण्यांना क्षय होत राहिला, दुसरे वाचले. क्षय हवेतून पसरतो हे त्याच प्रयोगांनी पक्कं झालं. आपल्याकडेही सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या चंडीगढच्या संस्थेने एसीच्या डक्टमध्ये बसवायची यूव्ही-सी यंत्रणा तयार केली, करोनाच्या काळात संसद भवनासाठी तिची चर्चा झाली.

पण वेल्सच्या गोष्टीला शेपूट आहे. नंतर इतर शाळांत हेच करून पाहिलं तेव्हा इतका फरक पडला नाही. वर्गात दिवा होता, पण मुलं शाळेच्या बसमध्ये आणि बाहेर एकमेकांना चिकटूनच होती. तुमची लिफ्ट अगदी तशीच आहे. लिफ्टमध्ये संसर्ग होतो तो दोन माणसं एकत्र असताना. आणि माणसं आत असताना दिवा बंदच ठेवावा लागणार. म्हणजे ज्या क्षणी गरज तेव्हाच तो झोपलेला. राहिली बटणं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2021 मध्ये मांडलेला अंदाज असा की, करोनाबाधित पृष्ठभागाला एकदा हात लागून आजार होण्याची शक्यता दहा हजारात एकापेक्षाही कमी असते. त्यासाठी लिफ्टमध्ये जळता दिवा टांगायचा, आणि सेन्सर बिघडला की आत पहिलीतलं पोर. मी कमिटीत असते तर हात वर करून ‘नको’ म्हटलं असतं आणि लिफ्टमधला बंद पडलेला पंखा आधी दुरुस्त करा म्हणून ओरडले असते. (तुमच्याही लिफ्टमधला बंदच असेल. ठाण्यात चालू पंख्याची लिफ्ट मी मोजून दोन पाहिल्यात.)

ज्येष्ठांच्या खोलीचं मात्र थोडं निराळं. आठ-दहा म्हातारी माणसं दोन-दोन तास बंद खोलीत कॅरम खेळत बसतात, खोकत असतात. तिथे वेल्ससारखी व्यवस्था, म्हणजे भिंतीवर उंचावर, पट्ट्यांच्या आड लपवलेला दिवा, ज्याचा प्रकाश फक्त छताजवळ आडवा जातो आणि पंख्याने वर गेलेली हवा तो धुऊन काढतो, ही खरोखर कामाची गोष्ट होऊ शकते. त्याला छत किमान आठेक फूट उंच हवं आणि बसवणारा जाणकार हवा. कोटेशनवाल्याला विचार: दिवा किती नॅनोमीटरचा आहे, ओझोन होत नाही याचा कागद आहे का, आणि बसवल्यावर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला मीटरने मोजून देणार का. मीटर म्हटल्यावर तो ‘कसला मीटर?’ असं म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या. कुणी 222 नॅनोमीटरच्या ‘माणसाला चालणाऱ्या’ दिव्याचं नाव काढेल. तो प्रकार खरा आहे, कातडीच्या वरच्या मृत थरातच तो अडतो असं दिसलंय आणि त्यावर काम चालू आहे. पण महाग आहे, थोडा ओझोन त्यातूनही होतो आणि त्या नावाने काहीही विकलं जाईल. मला विचारशील तर आधी त्या खोलीला दोन एक्झॉस्ट पंखे लावा आणि समोरासमोरच्या खिडक्यांचे गंजलेले गज-स्टॉपर सुटे करून घ्या. खर्च दिव्याच्या मानाने किरकोळ.

आणि तुमच्या घराचं. सासऱ्यांना आजार येतो तो हवेतून आणि नातवाच्या मिठीतून. मुलाला सर्दी झाली की ते पाच-सहा दिवस त्याला आजोबांच्या खोलीत झोपू देऊ नकोस. आजोबांजवळ जाताना त्याने मास्क लावायचा. रुसेल, पण चौथीतल्या मुलाला कारण सांगितलं की तोच पहारेकरी होतो. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाची लस राहिली असेल तर तीही, छातीच्या डॉक्टरांना विचारून घ्या. रस्त्याच्या बाजूची खिडकी बंद ठेव, तुझं बरोबर आहे, घोडबंदरची धूळही त्यांच्या फुप्फुसांना नकोच. पण येऊरच्या बाजूला एखादी खिडकी असेल ती उघड, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेव, की हवा त्या बाजूने आत येऊन इकडून बाहेर जाते. दिवा-ट्यूबवर खर्च केलेत तेवढ्यात त्यांच्या खोलीपुरता हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर येऊ शकतो. तो धूळही धरतो आणि विषाणू वाहून नेणारे थेंबही. घेताना आयोनायझर किंवा ओझोनवाला घेऊ नकोस, साधा पंखा आणि फिल्टर.

ट्यूब फोडू नकोस आणि सुक्या कचऱ्यात टाकू नकोस, आत पारा असतो. जुन्या चादरीत गुंडाळून ई-कचरा घेणाऱ्याकडे दे. चुकून फुटलीच तर खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढ, थोड्या वेळाने हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे गोळा कर. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवला तर पारा घरभर होतो.

मिस्टरांना हे पत्र वाचायला दे, पण टोमणा मारू नकोस. 2020 च्या एप्रिलमध्ये मी, तीस वर्षं जंतू वाढवलेली बाई, बिस्किटांचे पुडे साबणाच्या पाण्यात बुडवून गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळत घालत होते. एक पुडा आतून भिजला होता. तोही आम्ही खाल्ला.